ठणका थांबला, पाय गार पडले : एका विंचूदंशाचं प्रकरण

मुलगा सहा वर्षांचा, वजन १७ किलो. महाडच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या एका वाडीतला. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. मी त्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. शिक्षण बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे झाडपाल्याबद्दल बरंच काही येणार आहे आणि ते लिहिणारीच्या परसात आजही आघाडा, निर्गुडी आणि कोरफड आहे. मुंगी डसली, डास चावले, गांधीलमाशीने नांगी मारली, तर मी स्वतः कोरफडीचा गर लावते आणि मला बरं वाटतं. तक्रार झाडाबद्दल नाही. झाड 'लागू पडलं' हे आपण कशावरून ठरवतो, त्याबद्दल आहे.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा होता. हळवं भात कापून झालेलं, भारे घरी आणून पडवीत रचलेले. संध्याकाळी सव्वासातला वीज गेली आणि पोरांना त्या भाऱ्यांवर उड्या मारायला अंधाराचं निमित्त मिळालं. या मुलाने उडी मारली ती खाली सुटून पडलेल्या पेंढीवर, अनवाणी. डाव्या पायाच्या अंगठ्यावर निखारा ठेवल्यासारखा तो किंचाळला. वडिलांनी बॅटरी मारली तेव्हा विंचू पेंढीखाली शिरत होता. त्यांनी तो चपलेने मारला, पण फेकला नाही, डबीत घालून ठेवला. नंतर ती डबी माझ्या टेबलावर आली. तांबूस-तपकिरी रंग, लांबी अडीच इंचांच्या आतबाहेर, पुढचे चिमटे काडीसारखे बारीक आणि शेपूट चांगली जाड.

हा तांबडा विंचू. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात सापडतो तो, शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जांभ्या दगडाचे गडगे, लाकडांची रास, कौलं, पेंढा, कोपऱ्यात पडलेले बूट ही त्याची ठिकाणं. पावसाआधी एप्रिल ते जून आणि पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन मोसमांत त्याचे दंश जास्त. आमच्याकडे लोक त्याला घाबरतात त्याहून जास्त मोठ्या काळ्या इंगळीला घाबरतात, कारण ती दिसायलाच भीतीदायक. खरं म्हणजे उलटं आहे. जाड चिमट्यांचा विंचू भक्ष्य चिमट्यांनीच चेपतो, त्याला विषावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल तर सगळा भरवसा विषावर.

वाडीतले दोन तास

पुढचं सगळं मुलाची आई, आजी आणि शेजारच्या आशाताई यांच्याकडून कळलेलं. तिघींच्या सांगण्यात पाच-दहा मिनिटांचा फरक होता, पण क्रम एकच.

आजीने आधी घोट्याच्या वर सुतळी करकचून बांधली. मग चिंचोका दगडावर घासून तापवला आणि अंगठ्यावर चिकटवला. चिंचोका चिकटून राहतो तोवर तो विष ओढत असतो आणि ओढून झालं की आपोआप गळून पडतो, अशी समजूत. आळीत निरोप गेला आणि पावणेआठच्या सुमाराला आबा आले. आबा म्हणजे वाडीतले जाणते. विंचू उतरवतात, सापाच्या बाबतीत मात्र हात लावत नाहीत, सरळ दवाखान्यात पाठवतात. पैसे घेत नाहीत. घेतले तर मुळीचा गुण जातो.

आबांनी आणलेली आघाड्याची मुळी गुडघ्यापासून अंगठ्याकडे उतरवत फिरवायला सुरुवात केली. आघाड्याच्या पाल्याचा रस अंगठ्यावर चोळला आणि दोन चमचे मुलाला पाजला. मुलगा सुरुवातीला कुणाला हात लावू देत नव्हता. वीसेक मिनिटांनी त्याचं रडणं कमी झालं. आठ वाजून पाच मिनिटांनी तो रडायचा थांबला. "दुखतंय का रे?" म्हटल्यावर मानेनेच नाही म्हणाला. चिंचोकाही गळून पडला होता.

"इख उतरलं," आबा म्हणाले. माणसं पांगली. कुणीतरी चहा टाकला.

सव्वाआठला मुलाला उलटी झाली. रस कडू होता, पोटाला बाधला असेल, असं आजी म्हणाली. पावणेनऊला त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता. ऑक्टोबरचा उकाडा आणि पंखा बंद, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. नऊला दुसरी उलटी. तोंडातून लाळ गळायला लागली होती. आईने पायावरून हात फिरवला तर पाय गार लागले, म्हणून तिने गोधडी घातली. उकाड्याने घामाघूम झालेल्या पोराच्या पायांवर आपण थंडी वाजते म्हणून गोधडी घालतोय, यातली विसंगती तिला नंतर आठवली. त्या वेळी नाही. त्या वेळी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, की दुखायचं थांबलं म्हणजे विंचू उतरला.

नऊ वीसला आशाताई आल्या. त्या दुसऱ्या घरी बाळंतिणीकडे गेल्या होत्या, परत येताना कुणीतरी सहज सांगितलं. त्यांनी 'दुखतंय का' हे विचारलंच नाही. गोधडी वर केली, दोन्ही पावलांना हाताची उलटी बाजू लावली, मग स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मला फोन केला. "मॅडम, विंचू आहे, दोन उलट्या, घाम, पाय गुडघ्यापर्यंत गार." एवढंच. इतका नेमका फोन मला मोठ्या डॉक्टरांकडूनही क्वचित आला आहे.

केंद्रात

शेजाऱ्याच्या जीपमधून दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगा पोचला. दंश होऊन दोन तास पन्नास मिनिटं झाली होती.

शुद्धीवर होता, पण डोळे भेदरलेले, बाहुल्या मोठ्या. अंग घामाने निथळत होतं. पाय गुडघ्यापर्यंत आणि हात कोपरापर्यंत बर्फासारखे. नाडी १४८. रक्तदाब १४० वर १००. या वयाच्या मुलाचा वरचा आकडा शंभराच्या आसपास असतो, त्यामुळे हा रक्तदाब पाहून नर्सने पट्टा बदलून पुन्हा मोजला. तोच आला. श्वास मिनिटाला ३६. छातीत तळाशी किंचित बारीक खरखर. शिश्न ताठ. आईने ते दुपट्याने झाकून ठेवलं होतं आणि सांगायला लाजत होती. मुलग्यांमध्ये हे विष अंगात भिनल्याचं फार महत्त्वाचं लक्षण आहे आणि लाजेपायी ते दडवलं जातं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. अंगठ्यावर मात्र काही नव्हतं. सूज नाही, लाली नाही, हिरव्या रसाचा डाग तेवढा.

अंगठ्यावर टिचकी मारली. मुलगा ओरडला नाही. मला धसका बसला तो तिथे.

पहिलं काम, सुतळी कापली. सुतळी, ब्लेडने चीर पाडणं, तोंडाने चोखणं, यांतल्या कशानेही हे विष थांबत नाही. उलट पायाचा रक्तपुरवठा आधीच आवळलेला असतो, त्यात आणखी एक फास. मग प्राझोसिन, म्हणजे रक्तदाबाची गोळी. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १७ किलोला ५१०. एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची अर्धी. दहा वाजून दहा मिनिटांनी ती पाण्यात विरघळवून दिली. मुलाला आडवंच ठेवायचं, कडेवर घ्यायचं नाही, हे आईला तीनदा सांगितलं, कारण या औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. आईचा हात मात्र पोराला उचलायला सारखा पुढे येत होता. ऑक्सिजन लावला, जलसंजीवनीचे घोट सुरू केले. विंचवाचं प्रतिविष आमच्याकडे त्या रात्री संपलेलं होतं. १०८ला फोन केला.

अॅट्रोपिन दिलं नाही. लाळ, घाम, उलट्या दिसल्या की पूर्वी ते सर्रास दिलं जायचं आणि अजूनही कुणाकुणाचा हात तिकडे जातो. ते वरवरचा घाम आणि लाळ थांबवतं, पण आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक मारतं.

शरीरात नेमकं काय चाललं होतं

या विषातली प्रथिनं मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतात. बंद व्हायला हवीत तेव्हा ती बंदच होत नाहीत. परिणामी स्वायत्त मज्जासंस्थेच्या, म्हणजे घाम, नाडी, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंच्या, सगळ्या घंटा एकाच वेळी वाजायला लागतात. आधी उलट्या, घाम, लाळ, शिश्नाचा ताठरपणा. मग अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिनचा लोंढा. त्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाय गार. रक्तदाब चढतो, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त रेटत राहतं आणि दमतं. मग पाणी मागे फुप्फुसांत साठतं. पूर्वी विंचवाने माणूस दगावायचा तो बहुधा असा, गुलाबी फेस ओकत, स्वतःच्याच फुप्फुसांत बुडून.

ही साखळी ज्यांनी उलगडली ते डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच भागातले म्हणायला हरकत नाही. मूळचे जालना जिल्ह्यातले, पण १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि पुढे महाडचेच झाले. दंशानंतर तासातासाला काय बदलतं हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपलं. हृदयावर संकट येण्याआधीची लक्षणं कोणती, यावरचं त्यांचं टिपण १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सोडवते, मग इथे का नको, हा विचार त्यांचा. त्याआधी विष अंगात भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातले तीसच्या आसपास दगावत, प्राझोसिननंतर हा आकडा एकाच्या आसपास आला. २०११ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आमच्या प्रकरणाला यातली सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मात्र गोळी नव्हे, एक निरीक्षण आहे. ज्याला नुसता ठणका आहे, अगदी असह्य ठणका, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम आहेत, त्याचं सहसा बरं होतं. ज्याचं विष अंगात भिनलं आहे त्याचा ठणका पुष्कळदा सोसण्याइतका असतो किंवा नसतोच. तो सुधारायला लागला की हातपाय गरम होतात आणि ठणका परत येतो.

आता वाडीतले दोन तास पुन्हा डोळ्यांसमोर आणा. आठ वाजून पाच मिनिटांनी रडणं थांबलं, दहा मिनिटांत पहिली उलटी.

मुळी का लागू पडते

आबांना खोटं ठरवणं सोपं आहे, पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी आयुष्यात शेकडो विंचू उतरवले असतील आणि बहुतेक माणसं खरोखर बरी झाली. कारण बहुतेक विंचूदंश नुसत्या ठणक्याचेच असतात. काळ्या इंगळीचे तर जवळजवळ सगळे. तांबड्या विंचवाच्याही प्रत्येक दंशात पुरेसं विष शिरतंच असं नाही. ठणका काही तासांनी, फार तर दिवसाभराने ओसरतो, आणि तेवढ्यात ज्याने ज्याने जे जे लावलं त्याला श्रेय मिळतं. मुळीला, चिंचोक्याला, कांद्याला, चुन्याला, अंगाऱ्याला. शिवाय जाणता माणूस शांतपणे शेजारी बसतो, पायावरून हात फिरवतो, घाबरू नको म्हणतो. याने वेदना कमी होते, हे मी डॉक्टर म्हणून छातीठोक सांगेन. आमच्या ओपीडीत ते कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

चिंचोक्याचं कोडं तर अगदीच साधं आहे. त्याच्या गरात खळीसारखा चिकट पदार्थ असतो, ज्याची खळ कापडगिरण्यांत वापरतात. घासून तापवलेली बाजू घामट कातडीला घट्ट बसते आणि ओल सुकली की सुटते. विंचवाचं विष तोवर कातडीखालून कधीच पुढे गेलेलं असतं.

बाहेरून लावलेल्या पाल्याने फारसं काही बिघडत नाही, पण सगळंच निरुपद्रवी आहे असंही नाही. रुईचा चीक विंचवावर लावतात आणि मग तोच हात डोळ्याला जातो. त्या चिकाने बुबुळावरची काच सुजून धुरकट दिसायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. भुरुंडीचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो, म्हणून ती विंचवावर चालते असं मानणारे आहेत. त्या झाडात यकृताला घातक अल्कलॉइडं आहेत, तेव्हा तिचा रस पोटात देणं हा विंचवापेक्षा वाईट सौदा ठरू शकतो. आणि या मुलाच्या बाबतीत पोटात दिलेल्या रसाचा तोटा वेगळाच झाला. उलटीचं खापर रसावर फुटलं आणि एक तास गेला.

रस पाजला असं आईने सांगितलं तेव्हा क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं, हे कबूल करायला हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई विंचू चावून केंद्रात आली होती. येताना ठणका होता, अर्ध्या तासात थांबला. मी खूश झाले, दोन गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं. पहाटे तिला परत आणलं तेव्हा ती बसूनसुद्धा श्वास घेऊ शकत नव्हती. वाचली, दोन दिवसांनी. तेव्हा मी कुठलीच मुळी लावली नव्हती. नुसता आबांचा निकष लावला होता.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. आम्ही अगदतंत्र, म्हणजे आयुर्वेदातलं विषशास्त्र, शिकलो त्यात सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातले, म्हणजे तिच्या विषांवरच्या भागातले, विंचू होते. सुश्रुताने तीस प्रकार सांगितले आणि त्यांचे तीन गट पाडले : मंद विषाचे १२, मध्यम ३, महाविषाचे १५. मंद विषाच्या दंशावर तेलाचा शेक वगैरे स्थानिक उपाय. मध्यम आणि उग्र विषाच्या दंशावर मात्र तो सांगतो की सर्पदंशासारखी चिकित्सा करा. म्हणजे विंचू विंचवात फरक करायचा आणि लेप कुठे पुरेल, कुठे नाही, हे आधी ठरवायचं, हा विचार आपल्याच परंपरेत होता. वाडीपर्यंत येता येता लेप शिल्लक राहिला आणि वर्गवारी गळाली. आबा साप आला की हात लावत नाहीत, तांबड्या विंचवाला लावतात. सुश्रुताने दोघांना एकाच पंक्तीत बसवलं होतं.

गांधीलमाशी, मधमाशी यांचं गणित याहून निराळं आहे. तिथे ठणका आणि सूज खरी असते, ती जागेपुरती असते आणि गार पाण्याची घडी, कोरफड, घरातलं जे काही असेल ते चालतं. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो आणि त्याला जोडलेली पिशवी विष ढकलत राहते, तेव्हा पाला शोधायला धावण्याआधी नखाने काटा खरवडून काढा. धोका असतो तो ॲलर्जीचा. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, श्वास घुसमटणं, डोळ्यांपुढे अंधारी. तिथे अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. आग्या मोहोळ उठून शेकडो माशा चावल्या तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालयच.

पहाटे पावणेसहा

मुलगा सव्वाअकराला उपजिल्हा रुग्णालयात पोचला. पुढचं केसपेपरवरून आणि आईच्या तोंडून.

पोचला तेव्हा खोकला सुरू झाला होता, छातीतली खरखर वाढली होती, ऑक्सिजनचं प्रमाण ९० वर आलं होतं. प्रतिविष सलाइनमधून दिलं. उशाकडून उंच केलेल्या पलंगावर मास्क लावून ठेवलं. एक वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे पहिल्या मात्रेनंतर तीन तासांनी, प्राझोसिनची दुसरी अर्धी गोळी. पाय तोवर गारच होते. अडीचनंतर घाम कमी झाला. तीनला रक्तदाब ११० वर ७०. चार वाजता तिसरी मात्रा द्यायची की नाही हे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आकड्यांवरून ठरवलं नाही, पावलांना हात लावून ठरवलं. घोट्यापर्यंत ऊब आली होती, बोटं अजून गार. दिली.

पावणेसहाला मुलगा अचानक किंचाळून उठला. अंगठा धरून रडायला लागला. आई धावत नर्सकडे गेली, "परत चढला, परत चढला!" नर्सने येऊन पाय पाहिले. दोन्ही पावलं गरम. डॉक्टर हसत आले. त्या हसण्याचा आईला इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी मला सांगतानासुद्धा तिचा आवाज चढला. "माझं पोर ठणाणा करतंय नि हे हसतायत!" अंगठ्याच्या बुडाशी भूल देणारं इंजेक्शन दिलं, पॅरासिटामॉल दिलं. सकाळी आठला त्याने बिस्किटं मागितली.

त्याला आणखी एक दिवस ठेवून घेतलं. आठवड्याने तपासलं तेव्हा हृदयाचा आलेख व्यवस्थित होता. अंगठ्याला अधूनमधून मुंग्या येत होत्या, त्या महिनाभरात गेल्या.

आबा

मी वाडीत गेले ती दिवाळीनंतर. सभा घ्यायची असं ठरवून गेले होते, फलक वगैरे घेऊन. आशाताईंनी फलक जीपमध्येच ठेवायला लावला आणि मला सरळ आबांच्या ओसरीवर नेलं.

आबा दुखावलेले होते. मुलगा वाचला याचा आनंद होता, पण वाडीत कुजबुज सुरू झाली होती. "बाई, माझ्या मुळीनं शंभरातलं नव्वद बरं होत्यात," ते म्हणाले. मी म्हटलं, "होतात, आबा. मी कुठे नाही म्हणते?" ते जरा सावरले. मग सुपारी कातरता कातरता त्यांनी जे विचारलं ते मला फलकावर सुचलं नसतं. "मंग ते उरलेलं धा कंचं, ते आदुगर कसं वळखायचं?"

त्यानंतर तासभर आम्ही तेवढंच बोललो. ठणक्याकडे बघायचं नाही. कपाळ आणि पाठ बघायची, घाम आहे का. उलटी झाली का. मुलगा असेल तर लाज बाजूला ठेवून चड्डी बघायची. आणि पाय. हाताच्या तळव्याने नाही, उलट्या बाजूने, आणि आधी स्वतःच्या गालाला लावून. दर पंधरा मिनिटांनी. यातलं एक जरी दिसलं तरी गाडी. लहान मूल असेल आणि विंचू तांबडा असेल तर काहीही दिसायची वाट न बघता गाडी. सुतळी नाही, पोटात काही नाही.

"नि मुळी?" आबांनी विचारलं. मी क्षणभर थांबले. मुळी बंद करा म्हटलं असतं तर पुढच्या वेळी लोक आबांकडे जायचे ते गेलेच असते, फक्त आबांनी मला सांगितलं नसतं. "गाडीत बसल्यावर फिरवा," मी म्हटलं.

पुढच्या मे महिन्यात, रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागे जीपचा आवाज आणि त्याच्यावर कुणाचं तरी बोंबलणं.

"सुताराचा पोरगा हाय, बारा वर्साचा. तांबडा हाय. निगालोय आमी. घाम नाय, उलटी नाय. पाय गरम हायती, दोन येळा बगितलं. पन मुळी फिरवून हात दुकायला लागला माजा, बाई, ठणका काय हटंना. लय बोंबलतोय."

"बोंबलू द्या, आबा," मी म्हटलं. "तुम्ही पायच बघत राहा."